तीन वाटांनी गेलेले पैसे

मुलीच्या बारशाच्या जेवणाचे पैसे फोनवरून पाठवायचे, असं मी ठरवलं. एवढंच. यापेक्षा मोठा गुन्हा माझ्या हातून घडलेला नाही.

"रोख दे की नेऊन," माझी बायको ओडार्ली म्हणाली. "जेवण करून देणारी अशोर्को मावशी राहते पलीकडच्या गल्लीत. चालत दहा मिनिटं."

"आक्रासारख्या राजधानीत राहून रोख? तेही माझ्यासारख्यानं?"

(माझ्यासारख्यानं म्हणजे पैसे पाठवणाऱ्या कंपनीतल्या माणसानं. आमच्याकडे काहींचे पैसे एका फोन कंपनीकडे, काहींचे दुसरीकडे, उरलेल्यांचे बँकेत. आणि या तिघांचं आपसात भावकीइतकंच सख्य. आमच्या कंपनीची प्रणाली एक वाट अडली की आपणहून दुसरी शोधते. ती बनवणारे वरच्या मजल्यावर बसतात. मी खाली तक्रारींचे फोन घेतो. पण घरी मजले कोण विचारतंय?)

मी बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"जावईबापू," खास बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पोरगी चालायला लागेपर्यंत पोचतील ना पैसे?"

"आई, पहिल्या वाटेवर उत्तर येत नाहीये. प्रणाली दुसरी वाट शोधतेय. स्वतःच्या डोक्यानं विचार करते ती!"

"करू दे बाई. घरात कुणीतरी करायलाच हवा."

तेवढ्यात 'पैसे पोचले' अशी अक्षरं उमटली. मी फोन सासूबाईंच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा नसल्याचं कारण सांगितलं.

आठव्या दिवशी पहाटे माझ्या थोरल्या काकांनी बाळाच्या ओठांना पाणी लावून नाव ठेवलं. घरची, सासुरवाडीची मिळून ऐंशी माणसं. सगळं यथासांग पार पडलं आणि दारात अशोर्को मावशीचा टेम्पो थांबला. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे केंकीचे गोळे, तळलेली मासळी, मिरचीची चटणी. मी कौतुकानं पुढे झालो. त्यामागे दुसरा टेम्पो थांबला. मग तिसरा.

"मावशी, हे काय?"

"तुझी ऑर्डर! पैसे तीनदा आले, तीन ठिकाणांहून. पहिल्यांदा वाटलं, बारसं आहे. दुसऱ्यांदा वाटलं, जुळं झालं. तिसऱ्यांदा मी देवाचं नाव घेतलं आणि भावजयीला मदतीला बोलावलं."

(पहिल्या वाटेनं पैसे पोचवले होते, फक्त तसं सांगितलं नव्हतं. दुसरीनंही तेच केलं.)

"अगं, पण विचारायचंस तरी!"

"विचारलं ना! तुझा नंबर नव्हता, म्हणून तुझ्या कंपनीत फोन लावला. अर्धा तास गाणी ऐकली. मग एक जण म्हणाला, 'बाई, आमची प्रणाली चुकत नाही, तुमचीच काहीतरी गफलत होतेय', आणि ठेवून दिला." तिनं मला खालून वर न्याहाळलं. "आवाज अगदी तुझ्यासारखा होता रे."

ओडार्लीनं माझ्याकडे पाहिलं. मी मासळीकडे पाहिलं. मासळीनंही नजर चुकवली नाही.

आता एवढ्या अन्नाचं करायचं काय? सासूबाईंनी पदर खोचावा तसं कमरेचं कापड आवळलं आणि अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. पण पैसे आल्यापासून मावशीनं तीन दिवसांत बाजारभर काय सांगितलं होतं, ते कुणाला ठाऊक? माणसं आली ती तीन-तीन टोपडी, तीन-तीन दुपटी घेऊन! एका म्हातारीनं तर माझा हात हातात घेऊन म्हटलं, "दिसतोस एवढासा, पण शाब्बास हो!" आठ दिवसांत माझं झालेलं हे एकमेव कौतुक. ते परत करायचं माझ्या जिवावर आलं.

शेवटी कोपऱ्यावरचे शिंपी आटोबा आले. बाळाला आशीर्वाद देऊन झाला, तरी ते हलेनात. ओडार्लीच्या मागे डोकावले, दाराआड पाहिलं.

"पोरी, बाकीची कुठायत?"

ओडार्ली शांतपणे म्हणाली, "एक ही माझ्या खांद्यावर. दुसरं ते फोन घेऊन उभं आहे, तीस वर्षांचं झालं तरी त्याला एकट्याला बाजारात पाठवायची सोय नाही." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तिसरं नकोच म्हटलं, आजोबा. हे दुसरंच आवरत नाही."