डोईफोड्यांची लघुचक्री

आम्ही जयपूरला होतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज संध्याकाळी एक विमा अधिकारी हवेत दिसत असे. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर आधी हेल्मेट उगवायचं, मग चष्मा, मग मिशा, मग घट्ट धरलेलं सायकलचं हँडल. हे सगळं क्षणभर तिथे थांबायचं आणि परत भिंतीमागे बुडायचं. धप्प असा आवाज आला की मी निर्धास्त होऊन कणीक मळायला घ्यायचे. आवाजाबरोबर "आगं माय!" असंही ऐकू आलं, तर मात्र आधी हळदीचा डबा काढावा लागे.

हे गृहस्थ म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, डोईफोडे. आडनाव खरं आहे, प्रसंगाला शोभावं म्हणून मी ते पदरचं घातलेलं नाही. मूळचे बीडकडचे, वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी विमा कंपनीत, आणि तीही मोटार अपघातांच्या दाव्यांची. दिवसभर लोक कसे कसे आपटले याचे कागद वाचायचे आणि संध्याकाळी स्वतः आपटायचं, असा त्यांचा दिनक्रम. माझे यजमान बँकेत होते. मुरलीपुऱ्याच्या त्या बिल्डिंगीत राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी खरडा भाजायला घेतला. ठसक्याने सगळे लोक खिडक्या लावून घेत असताना डोईफोडे तेवढे वाटी घेऊन खाली आले. ओळख झाली ती अशी.

त्यांचं पहिलं वेड मराठीचं. भाजीवाल्याला ते भर जयपुरात "कोथिंबीर ताजी आहे का रे?" असं विचारत आणि तो बिचारा "एकदम ताजी, बाबूजी" म्हणून जुडी पुढे करी. आमच्या घरी बसले की एकही हिंदी शब्द चालत नसे. एकदा माझे यजमान बोलता बोलता "मतलब" म्हणून गेले.

"मतलब नव्हे, म्हणजे," डोईफोडे म्हणाले. "मराठीत मतलब स्वार्थाला म्हणतात. तुमचा काही स्वार्थ आहे का यात?"

"नाही हो."

"मग झालं तर."

यजमान नंतर त्यांच्यासमोर फारसं बोलत नसत.

दुसरं वेड सायकलचं. ते डॉक्टरने लावलं. पोट कमी करा म्हणाला, तेव्हा डोईफोड्यांनी एक माउंटन बाइक आणली. भरपूर गियर, जाडजूड टायर, पुढे स्प्रिंगा. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'गिरिचक्री'. हेल्मेट म्हणजे 'शिरस्त्राण'. गियरलाही त्यांनी 'दंतश्रेणी' असा शब्द काढला होता, पण दुरुस्तीवाल्याला तो काही केल्या समजेना, म्हणून गियर तेवढा माफ केला.

एका रविवारी आम्ही कानोत्याला बंधाऱ्यावर डबे घेऊन गेलो होतो. आम्ही जीपने, डोईफोडे गिरिचक्रीवर. मातीच्या उतारावरून येताना त्यांच्या आडवी एक बकरी आली. त्यांनी हँडल वळवलं, सायकल एका ढिगावर चढली आणि तिथून सुटली ती थेट आमच्या सतरंजीच्या कडेला, दोन्ही चाकांवर उतरली. मी किंचाळले. डोईफोड्यांनी सीटवरूनच मागे वळून ढिगाकडे बघितलं. मग म्हणाले, "परत." आणि सायकल ढकलत उतार चढायला लागले. दुसऱ्या वेळी बकरी नव्हती, तरीही त्यांनी उडी मारली. त्या दिवशी धपाटे माझ्या यजमानांनीच संपवले.

आमच्या बिल्डिंगीमागे एक मोकळा प्लॉट होता. कुणीतरी पाया खणायला घेतला होता, मग भावाभावांत भांडण लागलं आणि मातीचे ढीग तसेच पडून राहिले. डोईफोड्यांनी फावडं आणलं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी ते ढिगांवर पाणी मारायचे, चोपायचे, घासायचे. एक चढण, पुढे रिकामी जागा, त्यापुढे उतरण. चढणीला ते उड्डाण म्हणत आणि उतरणीला अवतरण. सोसायटीचे सेक्रेटरी माथुर साहेब एकदा बराच वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "डोईफोड़ेजी, किसी की समाधि बन रही है क्या?"

गिरिचक्रीवर उडी मारायची म्हणजे म्हैस ओढ्यावरून उडवण्यासारखं होतं. चढणीच्या टोकाला जोर लावला की पुढच्या स्प्रिंगा दबायच्या आणि अर्धी उडी तिथेच गिळून टाकायच्या. चेन पडायची. सीट उंच, ती नको तिथे लागायची. पण उतरणं मात्र मऊ. बहुतेक वेळा काही लागत नसे आणि माझी हळद शिल्लक राहत असे. मला वाटलं, चला, झेपेल असं वेड आहे.

आणि नेमकं तेच डोईफोड्यांना खटकायला लागलं.

"वहिनी, हिच्यावर काही कळतच नाही," ते एकदा चहा पिताना म्हणाले. "सगळं स्प्रिंगाच सोसतात."

"मग बरंच आहे की भाऊजी."

"नाही, बरं नाही," ते म्हणाले आणि कप ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाल्कनीत कायम चादरीखाली झाकून ठेवलेली एक वस्तू जिन्यातून उतरली. ती लहान मुलांची सायकल होती. वीस इंची चाकं, गियर नाहीत, स्प्रिंगा नाहीत, हँडलच्या आडव्या दांडीवर फोमची गुंडाळी, रंग जांभळा आणि मुठींना झिरमिळ्या. मी विचारलं, "ही कुणाची?" तर म्हणाले, "दाव्याशी संबंधित नाही."

सायबर कॅफेत बसून त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. परदेशात मातीवरून उड्या मारणारे लोक बीएमएक्स नावाची असलीच बुटकी सायकल वापरतात. तिच्यात दबणारं काही नाही, त्यामुळे जेवढा जोर लावाल तेवढी उडी पदरात पडते. मग त्यांनी त्या जांभळ्या सायकलला मुरलीपुऱ्यातल्या वेल्डिंगवाल्याकडून जागोजागी पट्ट्या जोडून घेतल्या, हँडल उंच केलं आणि नाव ठेवलं 'लघुचक्री'. झिरमिळ्या काढा म्हटलं, तर नाही काढल्या.

पन्नाशीचा माणूस, गुडघे कानाशी, मुठींना झिरमिळ्या. अख्खी बिल्डिंग बाल्कनीत आली.

पहिले कितीतरी दिवस नुसती वाताहत. गिरिचक्री उचलायला हँडल जिवाच्या आकांताने ओढावं लागे. ती सवय अंगात मुरलेली. लघुचक्री जरा ओढली की पुढचं चाक आकाशाकडे आणि डोईफोडे पाठीवर. गियर नसल्याने वेग घ्यायला पाय असे भराभर फिरवायचे की बघणाऱ्यालाच धाप लागावी. मोठी चाकं ज्या खड्ड्यावरून बेलाशक जायची, त्यात ही लहान चाकं अडकून बसत. रोज "आगं माय!" रोज हळद. एरवी इतकं शुद्ध बोलणारा माणूस, पण पडताना थेट बीडला जाऊन पडायचा.

आणि पडून उठलं की कपडे झटकत ठरलेलं वाक्य: "विमाधारकाचा निष्काळजीपणा. दावा फेटाळण्यात येत आहे."

उडीच्या आधीचंही एक वाक्य होतं. चढणीला लागताना ते स्वतःलाच मोठ्याने बजावत, "खाली बघायचं नाही!" खाली बघितलं की तोल जातो, समोर बघावं, असं त्यांचं शास्त्र. एकदा माथुर साहेबांनी भिंतीवरून विचारलं, "ये क्या बोलते हैं आप रोज़? ख़ाली क्या नहीं देखना है? प्लॉट तो पूरा ख़ाली पड़ा है."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. शब्दांचा असा घोटाळा म्हणजे डोईफोड्यांना पर्वणी, आता तासभर सुटका नाही, असं मला वाटलं. पण त्या दिवशी त्यांनी काही समजावलं नाही. शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि गुमान जिना चढून गेले.

त्यांची बायको आणि मुलगी पुण्याला असत. मुलगी मुक्ता भोपाळला वाढली, मग लखनौ. बदलीच्या नोकरीत पोरांचं मराठी जसं होतं तसंच तिचं झालं होतं, अर्धं हिंदी, अर्धं अंदाजे. डोईफोडे दर वाक्याला दुरुस्ती करत. मग मराठी सुधारावं म्हणून तिला आईबरोबर पुण्याला ठेवलं आणि स्वतः जयपूरच्या भाजीवाल्याशी मराठी बोलत राहिले. पुण्यात पोरगी कॉलेजात गेली आणि इंग्रजी बोलायला लागली.

मोबाइलला रेंज फक्त जिन्यात येई, त्यामुळे त्यांचा रविवारचा फोन मला ऐकू यायचा. "जेवलीस का?... 'खाना खाल्ला' असं नाही म्हणू गं, 'जेवण झालं' म्हणावं... हॅलो?... हॅलो?" एकदा मी दार उघडलं तर ते पायरीवर बसले होते. म्हणाले, "आता ती फक्त हो आणि नाही म्हणते. त्यात चूक काढता येत नाही ना." ही पोर आपल्याशी बोलायचीच थांबणार, या धास्तीने माणूस आतून पोखरला होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि रागही आला.

जानेवारीत मुक्ता आली. आजी आजारी असल्याने आईला निघता आलं नव्हतं. उंच, शांत मुलगी, हनुवटीवर एक जुना व्रण. संक्रांतीला दोघं आमच्याकडे आली. सगळं जयपूर गच्च्यांवर पतंग उडवत होतं आणि आमच्या हॉलमध्ये बापलेक सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते. डोईफोड्यांनी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल."

"काय बोलू, पापा?" ती म्हणाली. "तुम्ही ग्रामर काढाल."

डोईफोड्यांचं तोंड उघडलं. 'व्याकरण' हा शब्द मला त्यांच्या जिभेवर दिसला. त्यांनी त्यावर एक लाडू ठेवला आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्ता माझ्या स्वयंपाकघरात आली. मागे डोईफोडे ढिगांवरचे फाटके पतंग आणि मांजा गोळा करत होते. आज मुलीला उडी दाखवायची, म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुक्ता खिडकीतून बघत राहिली.

"आंटी, ती सायकल माझी आहे."

मी गॅस बंद केला.

"भोपाळला मी शिकत होते, छोटी होते. पापा सीट धरून मागून पळत होते. म्हणाले, 'खाली बघू नकोस.' मला खाली मतलब... रिकामं, तेच माहीत होतं. मला वाटलं, मागे रिकामं आहे, ते बघू नको म्हणतायत. म्हणून मी वळून बघितलं."

"आणि?"

"सच में रिकामं होतं." तिने हनुवटीला हात लावला. "त्यानंतर मी सायकलवर बसलेच नाही. पापांना वाटलं, मला मराठी येत नाही म्हणून मी पडले. तेव्हापासून ते... तुम्हाला माहितीये. पण आंटी, मी मराठीमुळे नाही पडले. पापांनी सोडलं होतं म्हणून पडले."

बाहेरून आरोळी आली, "खाली बघायचं नाही!" आणि भिंतीवर शिरस्त्राण उगवलं, मग चष्मा, मग मिशा. त्यांनी खाली बघितलं नाही, पण समोरही बघितलं नाही. ते मुलगी बघतेय का म्हणून खिडकीकडे बघत होते.

"आगं माय!"

आम्ही मागच्या फाटकातून धावलो. डोईफोडे उतरणीच्या पायथ्याशी गुडघा धरून बसले होते, शेजारी लघुचक्रीचं चाक फिरत होतं. "विमाधारकाचं लक्ष मुलीकडे होतं," ते म्हणाले. "दावा फेटाळण्यात..."

मुक्ता हसली नाही. "क्यों करते हो ये सब, पापा? इस उमर में?"

त्यांनी हाताने चाक थांबवलं.

"मागं कुणी धरलेलं नसताना कसं वाटतं, ते बघायचं होतं. मोठ्या सायकलवर कळत नव्हतं. ती सांभाळून घेते. ही नाही घेत."

"कैसा लगता है?"

"भ्या वाटतं," डोईफोडे म्हणाले. "लई भ्या वाटतं गं."

मुक्ताने वाकून लघुचक्री उचलली, ढिगांच्या कडेला सपाट जागेवर नेली आणि वर बसली. मुठींच्या झिरमिळ्या तिने एकदा बोटांनी सारख्या केल्या.

"पकडा, पापा."

'पकडा नव्हे, धरा,' असं ते म्हणाले नाहीत. उठले, लंगडत गेले आणि दोन्ही हातांनी सीट धरली. सायकल डगमगत निघाली, मागून डोईफोडे वाकून पळायला लागले, आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच हिंदी ऐकलं, अगदी साफ, भोपाळी.

"नीचे मत देख, बेटा! सामने देख, सामने!"

ढिगांना वळसा घालून ती दोघं परत आली तोवर सायकल सरळ धावू लागली होती. मुक्ताचे केस सुटले होते आणि ती ओरडत होती, "सोडा, पापा! आता सोडा!"

तिच्या मराठीत एकही चूक काढायला जागा नव्हती. पण डोईफोडे दुखऱ्या पायाने पळतच राहिले, सीट काही सोडेनात.