आंजेलीनची खुर्ची

डेल्सी आंटीला मरायला जमत नव्हतं, आणि विश्वेशचा सगळा खेळ तिच्या मरण्यावर अडून बसला होता.

खेळ तसा साधा. दर रविवारी दुपारी तीनला मालवणातल्या विश्वेशच्या भाड्याच्या घरी, मागच्या पडवीत, टेबलाभोवती चौघं बसायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. विश्वेश गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि त्यांच्या तोंडाने बोलायचे. कुठे अडलं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. विश्वेश एरवी पतपेढीत कारकून. घरीदारी मालवणी बोलणारा हा पोरगा गोष्ट सांगायला लागला की काउंटरवर बोलतो तशा शुद्ध मराठीत शिरायचा. मोबाइल दुरुस्त करणारा सुशांत खेळात गलबताचा क्रूर कप्तान होता. शाळेत शिकवणारी ग्लेनिशा दीपगृहाची राखणदारीण होती. चौथी खुर्ची भुताची. खाडीत बुडालेली एक बाई अमावास्येला गलबतांना खडकाकडे बोलावते, अशी विश्वेशची कल्पना. त्या खुर्चीसाठी ग्लेनिशाने आपल्या मावशीला आणलं होतं. डेल्सी तिचं नाव, पण सगळे आंटीच म्हणत.

आंटी एकसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं ब्लाउज शिवत आलेली आणि जन्मात खोटं न बोललेली. गणपतीच्या आधी चार दिवस "होवचा नाय, दुसरीकडे जावा" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी मालवणातली ती एकटीच.

"समुद्रावर धुकं उतरलंय," पहिल्या रविवारी विश्वेश खालच्या आवाजात म्हणाला. "धक्क्यावर एक बाई उभी आहे. तिच्या केसांतून पाणी गळतंय. कोण आहेस तू?"

"मी डेल्सी," आंटी म्हणाली.

"आंटी, तुमी बुडालेली बाई."

"ती बुडाली आसात. माका पोहूक येता."

सुशांतने हसू गिळलं. विश्वेशने पुन्हा समजावलं, पुन्हा धुकं उतरवलं.

"ती म्हणता काय," आंटीने सुरुवात केली.

"ती नाय. मी म्हणा, मी."

"मी मेलंय म्हणू? आणि शनिवारी चर्चीत कुमसाराक जावन फादराक काय पाप सांगू? मेलंय म्हणान खोटा बोललंय?"

त्या दिवशी गलबत खडकापर्यंत पोचलंच नाही. खेळ आटोपल्यावर विश्वेशने आंटीला थांबवून घेतलं. त्याने हट्टच धरला होता.

"आंटी, खोटा कशाक म्हणतत? समोरच्याक फसवूक बोलतत तां. हंय सगळ्यांका म्हायत आसा. ह्यां खोटा न्हय. दुसऱ्याचा खरा."

"दुसऱ्याचा खरा." आंटीने ते शब्द कापडाचा पोत बघावा तसे तोंडात घोळवले. "हां. तां चलात."

मग विश्वेशने तिला एक युक्ती दिली. खुर्चीत बसलं की ती बुडालेली बाई, खुर्चीतून उठलं की डेल्सी. आणि एक घडी घातलेला कागदही दिला. त्यावर चार प्रश्न होते, उत्तरांच्या जागा रिकाम्या: नाव, गाव, मागे कोण राहिलं, काय अर्धवट राहिलं.

"घराक जावन भरा. आणि रोज सराव करा. कोण काय बोललां तरी त्या बाईतसून भायर येवचा नाय."

पुढच्या रविवारी आंटीने कागद त्याच्या हातात दिला. विश्वेशने उलगडून वाचलं. नाव: आंजेलीन. गाव: देवबाग. मागे कोण राहिलं: झील, चार वर्सांचो पोरगो, तापान. काय अर्धवट राहिलं: चुलीर पेज.

"आंटी, झकास!" तो म्हणाला.

"हां, माका पण आवडला," आंटी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

"समुद्रावर धुकं उतरलंय. धक्क्यावर एक बाई उभी आहे. कोण आहेस तू?"

"आंजेलीन." आवाज आंटीचाच होता, पण लांबून, पाण्यावरून आल्यासारखा. "होडी खंय गेली रे? माज्या पोराक ताप इलो हा."

बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं, तरी ग्लेनिशाने दंडावरून हात फिरवला. क्रूर कप्तानाने आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली. पडवीत जळक्या तांदळाचा वास आला. विश्वेश उठून स्वयंपाकघरात बघून आला. गॅस बंद होता आणि सकाळपासून काही शिजलं नव्हतं. त्याला भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. असं भूत कुणाच्या टेबलावर बसतं?

आनंद बुधवारपर्यंत टिकला. शिलाई मशीनसमोरही खुर्चीच असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बुधवारी सुगंधा ब्लाउज न्यायला गेली. सुगंधा आंटीची शेजारीण.

"गो डेल्सी, बाह्यो झाल्यो?"

"डेल्सी नाय हंय," मशीनवरून मान न उचलता आंटी म्हणाली. "मी आंजेलीन. होडी इली काय गो?"

सुगंधा ब्लाउज टाकून पळाली. संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात बातमी झाली की डेल्सीला लागलंय. गुरुवारी चार बायका आपलं अर्धवट कापड परत घेऊन गेल्या. शुक्रवारी सुगंधा देवळातला अंगारा घेऊन आंटीच्या दारात आली, त्याच वेळी पायरीवर फादर तीर्थाची बाटली घेऊन उभे होते. आधी कुणी आत जायचं यावरून दोघांचं "तुम्ही जा, तुम्ही जा" चालू असताना मागून विश्वेश धापा टाकत आला आणि दोघांना ओलांडून आत घुसला.

"आंटी, सराव बंद करा!"

"होडी इली?" खुर्चीतून आंटीने विचारलं.

"आदी उठा!"

आंटी उठली. "काय रे विश्वेश, चाय घेतलस?"

"आंटी, गावात बोभाटा झालो. लोकांका वाटता तुमका भूत लागलां."

"तूच सांगललंस, भायर येवचा नाय." आंटीच्या चेहऱ्यावर एकदम काळजी पसरली. "सुगंधाक म्हायत नव्हता? मगे ती फसली रे! तां खोटा झाला!" आणि ती पायरीवरच्या फादरांना गाठायला धावली. तिथल्या तिथे, सुगंधाच्या समोर, तिने कुमसार केला. फादरांनी खेळ म्हणजे काय ते तीनदा विचारलं, शेवटी क्षमा केली आणि तीर्थाची बाटली तशीच परत नेली. सुगंधाने मात्र जाता जाता थोडा अंगारा उंबरठ्यावर टाकलाच.

बातमी तोवर देवबागला पोचली होती.

रविवारी तीन वाजता विश्वेशच्या दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मागच्या पडवीत येऊन त्याने चौघांकडे पाहिलं.

"मी प्लासिद. देवबागातसून इलंय. आंजेलीन खंय बसता?"

"अंकल, ह्यो खेळ आसा," विश्वेश घाईघाईने म्हणाला.

"खेळ काय तां माका म्हायत आसा. नातू मोबाइलात खेळतत. लोकांनी कागदाचा सांगलां, तो माका दाखय."

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. खूप वेळ वाचला.

"माज्या मांयचा नाव आंजेलीन," तो म्हणाला. "मी चार वर्साचो होतंय. माका ताप होतो. ती गेली तेवा पेज चुलीर होती, ती जळान गेली. आता एकोणऐंशी झाली माका. ह्या पेजेचा म्हायत आसलेला दुसरा कोणएक जिता नाय. ह्यां लिवलां कोणी?"

विश्वेशने आंटीकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी आंटीने विश्वेशकडे.

"मी कशाक लिवतलंय?" आंटी उभ्यानेच म्हणाली. "म्हायत नाय तां मी लिवतंय काय? तू घडी करून दिलंस, मी मशीनच्या खणात ठेवलंय. रयवारी उघडलंय तर भरललो. माका वाटला, तूच भरून दिलंस."

"मी कोरो दिललंय, आंटी."

ग्लेनिशाने मान हलवली. सुशांतने न विचारताच दोन्ही हात वर केले. कागदावरचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं, टाकाने लिहिल्यासारखं कुठे जाड कुठे बारीक. चौघांपैकी कुणाचंच तसं अक्षर नव्हतं. आंटीच्या घरात तर शाईसुद्धा नव्हती.

आंटी आपल्या खुर्चीत बसली आणि प्लासिद तिच्यासमोर बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"आंटी, उठा," विश्वेश कुजबुजला. दोन आठवड्यांपूर्वी तिला त्या बाईत बसवायला धडपडलेला तो आता तिला बाहेर ओढत होता. "खुर्चीतसून उठा. खेळ संपलो."

"उठलंय तर ह्यो डेल्सीक इचारतलो," आंटी हळूच म्हणाली. "आणि डेल्सीक कायएक म्हायत नाय."

तिने डोळे मिटले. पडवीत पुन्हा तो वास आला.

"मांय," प्लासिद म्हणाला. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडात तो शब्द फार लहान वाटला. "लोक सांगत, तू लाँचीवरच्या क्लार्काबरोबर गोंयाक पळालंस. बापूस मरासर तांच सांगी होतो. शाळेत पोरां तांच चिडवीत. खरां काय तां?"

अडलं की फासा, या सवयीने सुशांतचा हात फाशाकडे गेला. ग्लेनिशाने त्यावर चापट मारली.

"लाँच?" आंजेलीन म्हणाली. "लाँचीत माका उलटी जाता रे. धा पावलां गेलंय तर डोक्या धरून बसतंय. मी खंय लाँचीन जातंय?"

प्लासिदच्या घशातून विचित्र आवाज आला. विश्वेशला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं. पण तो हसत होता.

"माका पण लागता," तो डोळे पुसत विश्वेशला म्हणाला. "जल्मभर. दर्याकाठार ऱ्हवान एकदाच लाँचीत बसललंय, परत नाय. लोक हसतत." मग पुन्हा वळून: "मगे खंय गेललंस?"

"खाडयेच्या पैलाडी. वैद्याकडे. येताना होडी कलांडली."

"तुका पोहूक येय होता. सगळे सांगत."

"येय होता मा." आंजेलीनने उजवा हात डोक्याच्या वर उचलला, मूठ घट्ट मिटलेली. "औषदाची बाटली होती. पाणी शिरात म्हणान वर धरललंय. एका हातान कितीसा पोहतलंय?"

हात तसाच वर राहिला. प्लासिद त्या मुठीकडे बघत होता. तो म्हणाला, "पेज जळली, मांय."

"जळांदे. परत करूया."

मग आंटी उठली आणि म्हाताऱ्यासाठी पाणी आणायला गेली. रिक्षा निघून गेल्यावर विश्वेशने तिला गाठलं.

"आंटी, ह्यां सगळा तुमका कसा म्हायत?"

"माका खंय म्हायत? तुमी आयकत होतास तशी मी पण आयकत होतंय." एवढं बोलून आंटी घरी गेली. सोमवारी सुगंधाच्या ब्लाउजला बाह्या लावून झाल्या.

पुढच्या रविवारी प्लासिद अडीच वाजताच आला. त्याला खेळायचं होतं. विश्वेशने कोरा कागद दिला, तो त्याने सगळ्यांसमोर, विश्वेशच्याच बॉलपेनने भरला. नाव: प्लासिद. वय: चार. त्याला काही शिकवावं लागलं नाही. बसल्या बसल्या त्याने पाय हलवायला सुरुवात केली आणि तासाभरात एकदाही तो त्या पोरातून बाहेर आला नाही.

अडचण विश्वेशची झाली. त्याच्या वहीत चाळीस पानांचा थरार लिहिलेला होता.

"अमावास्येची रात्र," तो म्हणाला. "धुक्यातून गलबत खडकाकडे येतंय. दीपगृहाचा दिवा विझलाय. आंजेलीन, तू काय करतेस?"

"पोराक पेज भरवतंय."

"पण गलबत समोर आहे. त्याला बुडवायची हीच वेळ!"

"गलबताक सांग, थांब म्हणान. पोर अजून जेवता."

गलबत थांबलं. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारीही ते थांबलेलंच होतं. ग्लेनिशाने दीपगृह सोडून पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला सुरुवात केली होती. क्रूर कप्तान गलबताच्या टोकाशी, नाळेवर एकटाच तलवार उपसून बसला होता.

"मगे मी काय करू?" शेवटी सुशांतने रडकुंडीला येऊन विचारलं.

"खाली उतर. ती तलवार भायर ठेव आणि हात धुव," आंजेलीन म्हणाली. "तुका पण वाढतंय."

सुशांतने विश्वेशकडे पाहिलं. नियमाप्रमाणे इथे सांगणाऱ्याने काहीतरी भयंकर घडवायला हवं होतं. विश्वेशने वहीची दोन पानं उलटली, तिसरं उलटलं. मग वही मिटली आणि टेबलावरचा फासा बाजूला सारून ताटापुरती जागा केली.

"आंजेलीन," तो म्हणाला, आणि त्याचं शुद्ध मराठी पहिल्यांदाच गोष्टीच्या मध्यावर गळून पडलं. "पेज गरम आसा मा? माका पण वाढ."