अण्णांसाठी काढलेली फाईल

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यंत्रातलं मला कळतं! आमच्या बेळगावच्या अनगोळात कुणाचा टीव्ही मुका झाला, कुणाच्या मिक्सरमधून धूर निघाला, की पहिला फोन मला येतो. दुसरा फोन दुरुस्तीवाल्याला जातो, ते सोडा. पण पहिला मलाच!

म्हणून जुनी गाडी घेताना मी इंजिन बघितलंच नाही. डॅशबोर्डवर रस्ता दाखवणारं जीपीएस होतं, ते बघून व्यवहार केला. आत नखाएवढं मेमरी कार्ड, आणि कार्डात नकाशाच्या दोन फाईली. एक कर्नाटकाची, एक गोव्याची. आतली बाई हिंदीत बोलायची, "आगे से दाएँ मुड़िए." मी डावीकडे वळलो तरी तिचा आवाज चढायचा नाही. आमच्या घरी हे सुख नाही.

"मोबाईलवर रस्ता दिसतोय की," मंगल म्हणाली. मंगल म्हणजे माझी बायको.

"जंगलात रेंज गेली की मोबाईल म्हणजे साबणाची वडी! ह्याचा नकाशा पोटातच असतो. फाईल सांभाळता आली पाहिजे फक्त."

"आणि ती तुम्ही सांभाळणार," ती म्हणाली आणि आत गेली.

आता भरमाण्णा, म्हणजे आमचे अण्णा. माझे थोरले चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही, सीमालढ्याच्या धामधुमीत ते राहूनच गेलं. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत, आणि लाठी खाल्लेला डावा खांदा थंडीत अजून ठणकतो. ते गाडीत बसले की यंत्राच्या वरच्या कोपऱ्यात चढवलेल्या नकाशाचं नाव वाचायचे. कर्नाटक.

"हे कुणी लिवलंय रं हितं?"

रोज! दवाखान्याला जाताना, येताना, भाजी आणताना. शेवटी मी ठरवलं, अण्णांच्या वाढदिवसाला यंत्रात महाराष्ट्र घालायचा.

फाईल मिळवली. कार्डात घालायला गेलो तर जागा अपुरी! गोवा काढून बघितला, पण ती फाईल एवढीशी, कोथिंबिरीची जुडी काढून पिशवीत कलिंगड बसवण्यातला प्रकार. गोवा परत घातला. राहिलं कर्नाटक. त्याची एक कॉपी लॅपटॉपवर ठेवली, एवढी अक्कल मला आहे, आणि डिलीट दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की!

तुम्ही म्हणाल, राहतो बेळगावात आणि बेळगावचा नकाशाच काढून टाकला? अहो, लहानपणापासून आम्ही बेळगावसह महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या आहेत. घोषणेत होतं, तर फाईलीत का नसेल?

नव्हतं. गाडी चालू केली तर पडदाभर नुसता करडा रंग, आणि मधोमध आमच्या गाडीचा बाण, एकटाच. ना गल्ली, ना नाका. मी कार्ड काढून पुसून परत घालणार, तेवढ्यात अण्णा धुतलेलं धोतर नेसून आले आणि शेजारी बसले. कोपऱ्यात वाचलं, महाराष्ट्र. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे भरून आले.

"साठ वर्सं, आदर्श," ते मला म्हणाले. "साठ वर्सं रं."

आता ह्या माणसाला काय सांगणार? तुम्ही सांगितलं असतं?

"ह्यो करडा रंग कसला?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"शेतजमीन, अण्णा."

"एवढी?"

"लई हाय की!"

दोन महिने असेच गेले. अण्णा रोज शेतजमीन बघायचे. मी रोज गप्प बसायचो.

आणि मग एका बुधवारी सकाळी साडेनऊला मारुतीचा फोन आला.

मारुती माझ्या बाळा आत्याचा मुलगा, आणि आत्या म्हणजे अण्णांची एकुलती धाकटी बहीण, कणकुंबीला दिलेली. मारुतीला तिनं कानडी शाळेत घातलं, कारण गावातल्या मराठी शाळेचे मास्तर महिन्यातून दोनदा उगवायचे. तो बस कंडक्टर झाला. अण्णांनी तेवढं गिळलं. पण बारा वर्षांपूर्वी मारुतीच्या लग्नाची पत्रिका कानडीत छापून आली आणि अण्णांनी ती आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवली. लग्नाला कुणी गेलं नाही. मीही नाही! आत्यानं मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं, तरी अण्णांच्या शब्दाखातर मी गेलो नाही. त्यानंतर दर भाऊबीजेला आत्या उंबऱ्यात ताट घेऊन बसते, हे मला मंगलकडून कळायचं. ती गुपचूप फोन करायची.

"आई आजचा दिस काढंल असं वाटत न्हाय," मारुती म्हणाला. "सारखं एकच, भरमा आला का, भरमा आला का. मामांना घिऊन या रं लवकर."

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक नवं कोरं लुगडं काढून काखेत घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. ते लुगडं कधी घेतलं होतं, आम्हाला माहीत नव्हतं.

मारुतीनं नवं घर कणकुंबीच्या आत, रानात बांधलंय. आम्ही कुणीच बघितलेलं नाही. त्यानं मोबाईलवर ठिकाणाचे आकडे पाठवले होते. मी ते ऐटीत यंत्रात भरले. मला वाटलं, बाई आता गप्प बसणार, कारण ते घर तिच्या दृष्टीनं शेतजमिनीत होतं! पण बाई लगेच बोलली. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीकडून चला म्हणाली.

"शिनोळीवरनं?" मागून मंगल ओरडली. "ते चंदगडाकडं! अवो, सरळ जांबोटीवरनं जाऊया की. मारुती भावजींनी मला सांगितलंय सगळं, कणकुंबीच्या देवळापासनं उजवीकडं. दीड तासात पोचतोय!"

इथंच मी तोंड उघडायला हवं होतं. यंत्राला बेळगाव माहीत नाही, कणकुंबीचा खानापूर तालुका माहीत नाही, ह्याला फक्त पलीकडचं कळतं, एवढं एक वाक्य! पण शेजारी अण्णा होते.

"यंत्र म्हणतंय तर काहीतरी असंल," मी म्हणालो. "नवीन रस्ता झाला असंल."

"म्हंजे सगळा रस्ता महाराष्ट्रातनं?" अण्णांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

अण्णा लुगड्यावरून हात फिरवत राहिले. "मग तिकडनंच जाऊ," ते म्हणाले.

शिनोळी ओलांडली आणि काय सांगू! पडद्यावर रस्ते उमटले, ओढे उमटले, गावांची नावं आली. मी मंगलकडे आरशातून विजयी नजर टाकली. पाटणे फाट्यावरून तिलारीच्या अंगाला वळलो. डांबर संपलं. मोठी खडी आली, मग लाल माती, मग दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. मोबाईलची रेंज गेली. "बघितलंस?" मी म्हणालो. "आता कुठं गेला तुझा मोबाईल?" साडेबारा वाजले होते. आणि झाडी एकदम संपली. पुढं कडा होता, कड्याखाली दरी.

"आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं," बाई म्हणाली.

मी खाली उतरलो. दरीत डोकावलो. पलीकडच्या उतारावर एक नवं कौलारू घर होतं, अंगणात माणसं जमलेली, मुंगीएवढी. बाईला तिथला रस्ता माहीतच नव्हता, म्हणून तिनं आम्हाला तिला माहीत असलेल्या शेवटच्या रस्त्याच्या टोकाला आणून सोडलं होतं. घर दिसत होतं. जायला वाट नव्हती.

"आलं का तुमचं महाराष्ट्राचं टोक?" मंगल म्हणाली, आणि रडायलाच लागली.

अण्णा उतरले. कड्यापाशी गेले. काखेत लुगडं तसंच. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जेवढा आवाज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या छातीत होता तेवढा काढून हाक मारली.

"बाळेऽऽ! मी आलोय गंऽऽ!"

मोर्च्यात त्यांचा आवाज मी पुष्कळदा ऐकला होता. हा तो आवाज नव्हता. मला तिथंच कड्यावरून उडी घ्यावीशी वाटली.

मागं फिरलो. तीच खडी, तोच फाटा, परत शिनोळी, परत बेळगाव, आणि तिथून जांबोटी. बाई सारखी म्हणत होती, "जहाँ संभव हो, वापस मुड़िए." मंगलनं पुढं वाकून तिचं बटण बंद केलं. कणकुंबीच्या देवळापासून उजवीकडं वळलो तेव्हा साडेचार वाजले होते.

आत्या अंगणात होती. तिरडीवर.

"माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलायचं न्हाय म्हणून ठेवलंय, मामा," मारुती म्हणाला. अण्णांनी लुगड्याची घडी मोडली आणि बहिणीच्या अंगावर पांघरली. कडा नीट बसेनात. मारुतीनंच दुसरं टोक धरलं.

"एक वाजता गेली," तो म्हणाला. "त्याच्या आधी जरा पलीकडच्या कड्यावरनं कोणतरी वरडत हुतं, गुराखी असंल. तर आईनं डोळं उघडलं. म्हणाली, भरमा आला. मी म्हटलं, आई, तिकडं महाराष्ट्र हाय, तिकडनं कसा यील त्यो? तर हसली जरा."

मी कुणाकडेच बघितलं नाही.

सगळं उरकून परत निघालो तेव्हा दिवस मावळला होता. जांबोटी आली तेव्हा मला राहवेना.

"अण्णा, चूक माझी हाय. त्या यंत्रात बेळगाव न्हवतंच. पयल्या दिवसापासनं."

"मला म्हाईत हाय की."

"आं?"

"अनगोळच्या गल्लीत कसली रं शेतजमीन? म्हातारा झालोय, आंधळा न्हाय. तू एवढ्या हौसेनं केलतंस, म्हणून गप बसलो."

गाडी मी बाजूलाच घेतली. "मग सकाळी शिनोळीवरनं कशाला म्हणालासा?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"धीर हुईना," ते म्हणाले. "बारा वर्सांनी तिला तोंड कसं दाखवायचं? म्हटलं, जरा लांबनं जाऊ. वाटंत कायतरी बोलायचं सुचंल." आणि मग माझ्याकडे वळून, "परवा रक्षाविसर्जन हाय. त्या यंत्रात कर्नाटक परत घाल."

"एकच मावतंय, अण्णा. महाराष्ट्र काढावा लागंल."

गाडी परत रस्त्याला लागली, पुढचं गाव आलं आणि गेलं. मला वाटलं, ऐकलं नसेल.

"काढ," अण्णा म्हणाले. "तिकडं कोण माझी वाट बघत बसलंय?"

त्या रात्री कार्ड काढलं. महाराष्ट्र डिलीट केला. यंत्रानं विचारलं, नक्की? मी उत्तर दिलं नाही, नुसतं बटण दाबलं. लॅपटॉपवरचं कर्नाटक घातलं आणि मारुतीचे ते आकडे पुन्हा भरले. लगेच सगळं दिसलं. अनगोळ, जांबोटी, कणकुंबीचं देऊळ, उजवीकडची वाट, आणि खाली वेळ.

दीड तास.

मंगल सकाळी तेच म्हणाली होती.