सोपानतात्यांच्या पेटीतलं एक मत

सोपानतात्या महिन्या-दोन महिन्यांनी एक नवा पक्ष काढत. बारामतीत कऱ्हेच्या अंगाला त्यांचं कंदील आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दाराशी एक काळी पाटी टांगलेली असे. गल्लीतला दिवा विझलेला दिसला की पाटीवर खडूनं ‘उजेड पक्ष’ लिहिलं जाई. दिवा लागला की पक्ष विसर्जित. मग गटार तुंबलं की ‘वाहतं गटार पक्ष’. अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद तात्या स्वतःच. एकदा पाटीवर दोन नावं दिसली म्हणून मी चौकशी केली, तर गंभीरपणे म्हणाले, ‘‘पक्षात फूट पडलीया. सकाळचा मी येगळा आन् सांजचा येगळा.’’

माझं कापडाचं दुकान आणि घर त्यांच्या शेजारीच. मी खादीची टोपी घालणारा, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. नगरपालिकेच्या निवडणुकीला मोठ्या पक्षानं मला उभं केलं आणि माझ्या विरोधात तात्या उभे राहिले, कंदील हे चिन्ह घेऊन. मी निवडून येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरीही, आता लपवून काय करायचं, मला या माणसाचा हेवा वाटायचा. चांगलं पोटात दुखायचं.

कारण असं की लोक मत मला देणार होते, पण गाऱ्हाणी घेऊन जायचे तात्यांकडे. गुरुवारच्या बाजाराला आलेला सणसरचा नाहीतर लासुर्ण्याचा माणूसही धड असलेला स्टोव्ह ‘जरा बघा’ म्हणत त्यांच्या फळीवर टेकायचा आणि पुढाऱ्यांच्या नावानं तासभर बोटं मोडून जायचा. ‘‘समदे एकाच माळंचं मणी,’’ तात्या पिन मारता मारता म्हणायचे. त्या माळेत मीही आलो. माझ्या दुकानात मात्र लोक यायचे, रामराम करायचे, धोतरजोडी घेऊन जायचे. माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी येत नसे. माणसाला मोठेपण मिळावं, पण इतकं कोरडं मिळू नये.

आणि त्यात माझी बायको. तात्या रिकाम्या डब्यावर उभे राहून भाषण करायचे तेव्हा सुशीला खिडकीत यायची. ‘‘निवडून आलो तर कुणाचं भलं करीन असं मी म्हणत न्हाय,’’ तात्या सांगत, ‘‘पर भलं झालं न्हाय तर तुमच्याबरूबर मीबी बोंबलंन.’’ सुशीला पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या भाषणाला ती कधी हसली नाही. रडलीही नाही. आमच्या घरचा स्टोव्ह त्या काळात महिन्यातून तीनदा बिघडू लागला, हेही मी ध्यानात ठेवलं होतं.

तेव्हा पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची चिन्ह डकवलेली वेगळी पेटी असे. मतमोजणीला शाळेत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. माझी पेटी उपडी केली आणि टेबल भरून गेलं. तात्यांची उपडी केली, तेव्हा तिच्यातून एक कागद पडला. एकच. सगळी शाळा हसली.

मी दिलदारपणा दाखवायला म्हणालो, ‘‘चला, तुमचं स्वतःचं तरी पडलं.’’

‘‘माझं तुमच्या पेटीत हाय, अण्णासाहेब,’’ तात्या त्या कागदाकडं बघत म्हणाले. ‘‘नवरा कधी सोताच्या डोक्यावर अक्षता टाकतो व्हय?’’

मग ते मत कुणाचं? तात्यांच्या बायकोनं, राधावहिनींनी, ओट्यावर उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘मी न्हाय बाई. घरात एक येडं हाय तेवढं बास. मी अण्णासाहेबांना दिलं.’’ त्यांची जीभ तिखट होती. तात्यांचे पक्ष त्या लुगड्याच्या पदरानंच पुसून टाकायच्या. तेव्हा त्यांच्या बोलण्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं.

माझा संशय सुशीलावर गेला. त्यानंतरची पाच वर्षं मी नगरपालिकेत कमी आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात जास्त लक्ष ठेवून होतो. तात्यांकडं वाटीभर शेंगदाण्याची चटणी गेली की माझी भाकरी घशाखाली उतरत नसे. आडून आडून विचारलं, तर ती म्हणायची, ‘‘काही कामं नाहीत का तुम्हाला?’’

तात्यांचं उलटंच झालं. ते मत कुणाचं असेल सांगता येत नाही म्हणून ते सगळ्यांशीच, त्यानंच दिलं असावं, अशा रीतीनं वागू लागले. आलेल्या कंदिलाची काच दोनदा पुसून देत. जाणाऱ्याला ‘‘बसा की घटकाभर’’ म्हणत आणि त्याच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत. त्या एका मतावर माणूस फुलला होता. मला पडलेली सगळी मतं एकत्र करूनही मला तसं काही झालं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीच्या आधीच्या थंडीत राधावहिनी तापानं गेल्या. आठ दिवसांत होत्याच्या नव्हत्या झाल्या. तात्यांची पाटी कोरी राहिली. गटार तुंबलं, दिवे गेले, पक्ष निघाला नाही. या खेपेला मी बिनविरोध येणार असंच सगळे धरून चालले होते. पण अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तात्या कचेरीत हजर.

मी म्हणालो, ‘‘तात्या, आता कशाला ही दगदग?’’

‘‘मला एक बघायचं हाय,’’ एवढंच ते म्हणाले.

त्यांनी तोच डबा, तेच भाषण, तेच शब्द ठेवले. एकही नवा विनोद केला नाही. सुशीला खिडकीत आली, पण हसली नाही. मला त्याचाही राग आला.

मोजणीला त्यांची पेटी उघडली. कारकुनानं ती उपडी केली, बुडावर थापट्या मारल्या, आत हात घालून चाचपलं. काही नव्हतं. या वेळी शाळेत कुणी हसलं नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुशीलानं त्यांना मत दिलं नव्हतं.

मी वळून पाहिलं तर तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोळे भरले होते आणि चेहरा मात्र लग्नघरातल्या माणसासारखा.

‘‘तिचंच हुतं, अण्णासाहेब,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘पाच वर्सं न्हाय म्हणत ऱ्हायली. मरस्तवर कबूल केलं न्हाय.’’

गेल्या खेपेचं मत दुसऱ्याच कुणाचं असेल आणि त्यानं आता विचार बदलला असेल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हेव्यानं माणूस किती खाली जातो बघा. पण मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात केलेल्या दोन-चार चांगल्या गोष्टींत मी ती धरतो.

तात्यांनी टोपी घातली, मला नमस्कार केला आणि ते घरी गेले. मला लोकांनी खांद्यावर घेतलं.

दुपारी हलगी थांबल्यावर मी घरी आलो. सुशीला न्हाणीत पाणी काढत होती. माझ्या मानेवरचा गुलाल ती ओल्या पंच्यानं पुसू लागली तेव्हा मी शेवटी सरळ विचारलं, ‘‘दोन्ही खेपेला तू मत मलाच दिलंस ना?’’

‘‘एवढी ढीगभर पडली की,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात माझ्या एकाचं काय घेऊन बसलात? मान खाली करा.’’

मी मान खाली केली. शेजारच्या दुकानात तात्या आज कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.