दोन्या एर्मेलिंदाच्या घराला छप्पर नव्हतं

पिकअप चिखलात रुतली ती नेमकी ला कुचिया गावाच्या तोंडाशी. नेप्ताली ओरेयानाने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाहुण्यांना म्हणाला, "पास्टर, तुम्ही दोघं व्हा पुढे. रस्त्याच्या कडेला निळ्या दाराचं घर दिसेल, तेच त्रान्सितोबाईंचं. मी गाडी काढून आलोच."

'भाकर आणि छप्पर' या चर्चच्या मदतसंस्थेचा नेप्ताली हा डोंगरातला माणूस. वादळात ज्यांची घरं उघडी पडली त्यांना तो पत्रे पोचवायचा. पत्रे ज्यांच्या दानातून आले, त्या उत्तरेकडच्या चर्चचे पास्टर व्हिटकॉम आणि त्यांची बायको लॉइस आता एक तरी छप्पर, त्रान्सितोबाईंच्या घरावर बसवलेलं, डोळ्यांनी बघायला आले होते. त्यांच्या मनासारखं झालं तर पुढची खेप येणार होती, आणि दरीपलीकडची गावं अजून ताडपत्रीखाली झोपत होती. म्हणून पाहुण्यांना कुठेही खुपू नये याची नेप्ताली फार काळजी घेत होता. तसाही स्वभावाने भिडस्तच. समोरचा ओशाळला की घाम याला फुटायचा.

निळं दार सांगितलं ते बरोबरच होतं. पण आपल्या सासूबाईंनीही दाराला निळा रंग काढलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? ईस्टरनंतर तो सासुरवाडीला फिरकलाच नव्हता. आणि सासूबाईंचं घर त्रान्सितोबाईंच्या घराच्या अलीकडे होतं.

चिखलाने माखून तो वर पोचला आणि जागीच थिजला. सासूबाईंच्या अंगणात लॉइसबाई गुडघ्यांवर बसून, आपल्या रुमालाने म्हातारीच्या पायांची धूळ पुसत होत्या. म्हातारीच्या खांद्यावर लॉइसबाईंचा रेनकोट होता. पास्टर उघड्या घराकडे बघत डोळे टिपत होते.

"बंधू," ते म्हणाले, "या माउलीच्या डोक्यावर काहीच नाही हो. आमचे पत्रेही वाऱ्याने नेले वाटतं. नुसतं आभाळ."

डोक्यावर काही नव्हतं हे खरंच. त्याची सासू दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई, विधवा होती, पण गावातला सगळ्यात चांगला कॉफीचा मळा तिचा होता. वादळात कौलं फुटली तेव्हा नेप्तालीने पाठवलेले पत्रे तिने 'पत्रे गोठ्यावर घालतात' असं सांगून परत धाडले होते. आता तिने स्वतःच्या पैशाने नवी कौलं आणवली होती. जुनी उतरवून झाली होती, नवी परसात रचून ठेवली होती, आणि गवंडी जेवायला गेला होता. सकाळपासून जुनी कौलं झटकून ती स्वतःच धुळीने भरली होती.

एवढं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण गुडघ्यांवर बसलेल्या बाईला 'तुम्ही चुकीच्या घरी बसलात' असं सांगायचं तरी कसं? त्या उठल्या की सांगू, असं नेप्तालीने ठरवलं. त्या उठल्या आणि त्यांनी म्हातारीला मिठी मारली. मिठी सुटली की सांगू, असं त्याने ठरवलं.

"काय जावईबापू," मिठीतूनच सासूबाई स्पॅनिशमध्ये कडाडल्या, "वाट सापडली का? आणि ही कोण माणसं? रडतायत कशाला?"

"पाहुणे आहेत, दोन्या एर्मे. तुम्हाला भेटायला आलेत."

"मला? मग बसव की त्यांना! उभं काय केलंस खांबासारखं?"

"काय म्हणाल्या?" पास्टरांनी विचारलं.

"बसा म्हणाल्या," नेप्ताली इंग्रजीत म्हणाला. हे एक वाक्य खरं होतं.

पास्टर ओंडक्यावर बसले. "त्यांना विचारा, सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?"

नेप्तालीने जिभेवर घोळवून घोळवून विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"हवाय! वर्षातून दोनदा तरी तोंड दाखवणारा जावई हवाय. मिळतो का कुठे ते विचार त्यांना."

नेप्तालीची कानशिलं तापली. "त्या म्हणतात, आपल्या माणसांची आठवण येते."

लॉइसबाईंना हुंदका आला. "म्हणजे कोणीच नाही त्यांना?"

"आहेत. मुलगी आहे. जावई आहे."

"आणि जावई असून ही दशा?" पास्टर उठूनच उभे राहिले. "कसला माणूस म्हणायचा हा? तुम्ही ओळखता त्याला?"

"तोंडओळख आहे," नेप्ताली पुटपुटला.

"तो टकला काय म्हणतोय तुझ्याकडे बघून?" सासूबाईंनी विचारलं.

"जावई चांगला माणूस असेल, म्हणतायत."

"मग त्याने पाहिलेला दिसत नाही."

पास्टरांनी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा नेप्तालीच्या खांद्यावर. प्रार्थना सुरू झाली. प्रार्थनेत खोटं बोलायचं धाडस नेप्तालीला होईना. ते एकेक वाक्य सोडत होते आणि तो मान खाली घालून सासूबाईंच्या भाषेत ते उतरवत होता. "प्रभू, हिच्या जावयाचं दगडाचं काळीज फोड... त्याला लाज दे... सुखाने जेवताना त्याच्या घशाशी घास अडकू दे..."

"आमेन!" सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की कोंबड्या उडाल्या. "फार चांगला पाद्री आहे रे हा! थांब, जेवल्याशिवाय सोडत नाही."

मग खरी पंचाईत झाली. ओसरीत चूल पेटलेलीच होती. तिथून कोंबडीचा रस्सा आला, घेवडा आला, मक्याच्या गरम भाकऱ्या आल्या, चीज आलं. पाहुण्यांनी हात जोडले.

"नाही, नाही! उपाशी बाईच्या तोंडचा घास आम्ही कसा घेऊ?"

"खात का नाहीत?" सासूबाईंच्या भुवया चढल्या. "माझ्या हातचं चालत नाही का त्यांना?"

"तसं नाही... लाजतायत ते."

"लाजतायत?"

पाहुण्यांकडे सासूबाईंनी पहिल्यांदाच नीट बघितलं. पास्टरांचं उन्हाने सोललेलं लाल नाक. चिखलाचे बूट. लॉइसबाईंची विजार तर गुडघ्यावर फाटलेली, आणि ती विकतच तशी मिळते हे सासूबाईंना कोण सांगणार? त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी रश्शात बुडवून लॉइसबाईंच्या तोंडाशी धरली. लॉइसबाईंनी खाल्ली, आणि खाता खाता त्यांचे डोळे पुन्हा वाहू लागले. पास्टरही जेवले. मागून मागून जेवले, कारण रस्सा खरोखरच चांगला झाला होता.

हात धुताना पास्टरांनी निकाल दिला. "बंधू, पुढची खेप येईल तेव्हा पहिले पत्रे या घराला. मी स्वतः ठोकायला येणार."

पत्रे, या घराला! आता बोलायलाच हवं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई परसातून आल्या. एका हातात मक्याचं गाठोडं होतं, दुसऱ्यात पाय बांधलेली जिवंत कोंबडी. कोंबडी त्यांनी लॉइसबाईंच्या हातात दिली आणि गाठोडं पास्टरांच्या.

"पोरी, घे," त्या म्हणाल्या. "नाही म्हणू नकोस. तू दारात येऊन रडायला लागलीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तुमचं घर नदीने नेलं की वाऱ्याने? असो, सांगू नकोस. आमचं काही कमी नाही. कौलं नवी घालतेय म्हणून पसारा दिसतो. वर्षभर पुरेल एवढं घरात आहे. संपलं की पुन्हा ये."

"काय म्हणतायत?" पास्टरांनी विचारलं.

त्या दिवसात पहिल्यांदाच नेप्तालीने सासूबाईंचा शब्दाला शब्द इंग्रजीत उतरवला. एकही गाळला नाही. शेवटी खाली बघत त्याने स्वतःचं एक वाक्य जोडलं. "आणि त्या माझ्या सासूबाई आहेत."

पास्टरांचा चेहरा नाकाच्या रंगाचा झाला. त्यांनी परसातल्या नव्या कौलांच्या राशीकडे पाहिलं, हातातल्या मक्याकडे पाहिलं, आणि मग नेप्तालीकडे पाहायला गेले. पण त्याच्याकडे पाहणं त्यांना जमेना, आणि त्यालाही त्यांच्याकडे पाहणं जमेना. लॉइसबाईंनी रेनकोट परत मागावा की नाही हे न कळून कोंबडी छातीशी घट्ट धरली. कोंबडी ओरडू लागली.

"आता काय झालं यांना?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "लाल का झाले सगळे?"

"लाज वाटतेय, दोन्या एर्मे," नेप्ताली म्हणाला. आता खोटं बोलण्याएवढं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "त्यांना वाटतेय. मलाही वाटतेय."

सासूबाईंनी समजल्यासारखी मान हलवली.

"घेताना पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते," त्या म्हणाल्या. "सवय होईल म्हणावं. आणि कोंबडी उलटी धरायला सांग, नाहीतर अंगावर घाण करेल."