पॉबजॉयनं प्रतोदाचं मन वळवलं, त्याची गोष्ट

"आज इंचबाल्डच्या तोंडून 'हरकत' निघालीच, तर पॉबजॉय नाव लावणार नाही!" लंडनच्या संसदेतल्या चहाच्या खोलीत क्लेमंट पॉबजॉयनं जाहीर केलं आणि टोस्टचा तुकडा असा तोडला, जणू सरकारचा कानच हातात आला होता.

पॉबजॉय सत्ताधारी पक्षाचा खासदार, पण अगदी मागच्या बाकावरचा. तो बोलायला उभा राहिला की सभागृहातल्या निम्म्या लोकांना महत्त्वाचे फोन आठवत. उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यामागून जावंसं वाटे.

आज मात्र प्रश्न त्याच्या वेदरम गावच्या फेरीबोटीचा होता. ती बंद झाली तर गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला अख्ख्या खाडीला वळसा पडणार होता. बोट वाचवायचं विधेयक पॉबजॉयनं मांडलं होतं, आणि ते आज पुढे सरकलं तरच बोट बंद करायला निघालेलं स्थानिक कौन्सिल थांबायला तयार होतं.

पण शुक्रवारची रीतच न्यारी. अडीच वाजले की चर्चा खलास. मग उरलेल्या विधेयकांची नुसती नावं वाचायची. सगळे गप्प राहिले तर विधेयक पुढे गेलं. एकानं जरी 'हरकत!' म्हटलं, तर बसलं! आणि सरकारचा प्रतोद इंचबाल्ड दर शुक्रवारी तेवढाच एक शब्द उच्चारायला पुढच्या बाकावर येऊन बसे.

"त्याचं मन वळवणार कसं?" हिल्डा ट्रेव्हेलानं विचारलं. कोठारातल्या घुबडांना वाचवायचं तिचं विधेयक यादीत याच्या आधी होतं.

"तुझ्या घुबडांवर बोलता बोलता! हळूच फेरीबोट आणायची. पाझर फुटेल त्याला."

"क्लेमंट, बाबा रे, दोन मिनिटं. तू बोलत असताना अडीच वाजले तर मतदान होणार नाही. मेली माझी घुबडं!"

"दोन मिनिटं! मी काय आजचा आहे का?"

पॉबजॉय उठला. घुबडांच्या डोळ्यांपासून सुरुवात केली, तिथून पंखांवर आला, पंखांवरून थेट वेदरमच्या खाडीत उतरला.

"सन्माननीय सदस्यांनी घुबडांकडे यावं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"येतोय, अध्यक्ष महोदया! पण आमच्याकडे घुबड खाडीवरूनच येतं!"

हिल्डानं त्याच्या कोटाचं टोक ओढलं. वा, दाद! पॉबजॉयला आणखी चेव आला. तिनं पुन्हा ओढलं. कोटाची शिवण उसवली. शेवटी बिचारी उभीच राहिली.

"माझ्या सन्माननीय स्नेह्यांना कल्पना आहे का, की ते खाली बसले तरच घुबडं वाचतील?"

"अत्यंत मार्मिक मुद्दा!" पॉबजॉय गहिवरला. "त्याचा मी सविस्तर परामर्श घेतो."

पुढच्या बाकावर इंचबाल्ड मनातून खूश होता. हिल्डाचं विधेयक बोलून बोलून मारायला त्यानं दोन खासदार तयार ठेवले होते. इथे तर फुकटात काम होत होतं! त्यानं पाय लांब केले, हसला आणि डोळे मिटले.

पॉबजॉयला ते दिसलं. डोळे मिटले! पाणावले असणार! त्यानं आवाज मऊ केला, संथ केला, अंगाईच्या चालीवर आणला आणि खाडीच्या गाळाचा इतिहास सांगायला घेतला. समोरच्या बाकावरची एक मान कलंडली, मग तिच्या शेजारची. लेखनिकानं आलेली जांभई पुस्तकामागे दडवली.

"वेळ संपली!" अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. घुबडं गेली. हिल्डानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

यादीत एकच विधेयक उरलं होतं. लेखनिकानं वाचलं, "वेदरम फेरीबोट विधेयक."

पॉबजॉय मान उंचावून 'हरकत'ची वाट बघू लागला. पण पुढच्या बाकावर सामसूम! इंचबाल्डच्या शेजारी मंत्रीमहोदय टक्क जागे होते. पण हरकत घेणं हे प्रतोदाचं काम, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. बराच विचार करून त्यांनी इंचबाल्डला कोपरानं हळूच ढोसलं.

"मंजूर!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता सभागृह तहकूब व्हावं, असा प्रस्ताव आहे."

"हरकत!" इंचबाल्ड दचकून ओरडला.

"सन्माननीय सदस्यांची घरी जायला हरकत आहे?"

सभागृह खो खो हसत सुटलं. पॉबजॉयला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. फेरीबोट तरली होती! तो फोन कानाला लावून बाहेर पळाला. पलीकडून वेदरमच्या दारूच्या गुत्त्यातला जल्लोष असा आला, की फोन हातभर लांब धरावा लागला.

वळून बघतो तर दारात हिल्डा! तिचं नाक रागानं लाल झालं होतं.

"हिल्डा, माफ कर गं. पण पाहिलंस ना? मन वळवलं मी त्याचं!"

"मन? अरे, माणूसच आडवा केलास!"

पॉबजॉयचा चेहरा पडला. पण क्षणभरच. या सभागृहात भाषणानं सरकारचं तोंड बंद झालेलं आजवर कुणी पाहिलं होतं?

"आता ऐक," हिल्डा म्हणाली. "माझ्या घुबडांना मी नवी तारीख घेतलीय. त्या दिवशी ती यादीत अगदी शेवटी असतील. त्याआधी तू बोलायचंस."

"मी? कशावर?"

"कशावरही. तुला काय फरक पडतो?"

पॉबजॉयनं छाती फुगवली, उसवलेला कोट सारखा केला. "आणि किती वेळ बोलू? दोनच मिनिटं?"

"छे! इंचबाल्ड घोरेपर्यंत."