बिनदाराची गाडी

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला शशिकांतराव गाडीत बसले आणि पावणेअकराला त्यांनी जाहीर केलं की, आता त्यांना बाहेर येता येत नाही.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "मी अडकून राहिलो."

देवदत्तच्या हातात नुकताच फोडलेला नारळ होता. नेत्राच्या हातात औक्षणाचं तबक. घरातल्या वाहनाची पूजा झालीच पाहिजे, मग ते वाहन तासाभरात विकलं जाणार असलं तरी, असं नेत्राचं म्हणणं. आणि पूजेच्या वेळी गाडीत आधी वडीलधाऱ्यानं बसायचं, हे देवदत्तचं. म्हणून मग नागपूरहून तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या सासऱ्यांना दोघांनी हाताला धरून, एक पाय सीटवर, दुसरा पाय आत, असं करत त्या चिमुकल्या गाडीत उतरवलं होतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्यांच्या गल्लीत मुलांच्या तीनचाकी सायकली यापेक्षा ऐसपैस असतील.

"पोट आत घ्या बाबा," नेत्रा म्हणाली.

"घेतलं ना. ते घेतलेलंच पोट आहे हे."

गाडीला दारं नव्हती. छप्पर नव्हतं, हीटर नव्हता, डिकी नव्हती. देवदत्त डेट्रॉईटच्या परिसरातल्या एका कंपनीत अकरा वर्षं गाड्यांच्या दारांना लावायच्या रबरी पट्ट्या डिझाइन करत होता. पाऊस आत येऊ नये, वारा आत येऊ नये, आवाज आत येऊ नये, यासाठी त्यानं उमेदीची वर्षं खर्ची घातली होती. अशा माणसाला एक दिवस वारा, पाऊस आणि आवाज तिन्ही मुबलक आत येतील अशी गाडी हवीशी वाटली, तर त्याला दोष कसा द्यायचा?

इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात एक बाप आणि त्याचा मुलगा वर्षाला तीसेक अशा गाड्या सुट्ट्या भागांत विकत. आपण मागवायच्या, आपण जोडायच्या. एका ठोकलेल्या जपानी गाडीचं इंजिन तेवढं आपलं आपण शोधायचं. खऱ्या स्पोर्ट्स कारच्या मानानं फुकटात म्हणावी अशी गोष्ट. देवदत्तनं इंटरनेटवरचा फॉर्म भरला, त्यात 'ड्रायव्हरची बाजू?' असा प्रश्न होता. त्यानं नागपूरच्या सवयीनं 'उजवी' लिहून टाकलं. अमेरिकेत येऊन तेव्हाच नऊ वर्षं झाली होती, हे त्याला फॉर्म पाठवल्यावर आठवलं.

बारा पेट्या यायच्या होत्या, अकरा आल्या. सातव्या पेटीऐवजी माफीचं पत्र आणि बिस्किटांचा पुडा आला. अर्धे नट इंचाच्या मापाचे होते, अर्धे मिलिमीटरच्या. माहितीपुस्तकाच्या नवव्या पानावर लिहिलं होतं, 'आता इंजिन नेहमीप्रमाणे बसवावे.' देवदत्तनं याआधी जन्मात इंजिन बसवलं नव्हतं, त्यामुळे हे वाक्य समजून घेण्यात त्याचे दोन हिवाळे गेले. त्या दोन हिवाळ्यांत नेत्राची गाडी गराजबाहेर बर्फात उभी राहिली. रोज सकाळी हातमोजे घालून काच खरवडताना ती जे बोलायची, ते शेजाऱ्यांना मराठी येत नव्हतं म्हणूनच खपून गेलं.

शेवटी तिनं अट घातली. "गणपतीपर्यंत सुरू झाली तर ठेव. नाही झाली तर विकायची. शब्द दे."

देवदत्तनं शब्द दिला. गणपती आले, गेले, गाडी ढिम्म. मग मंडळाच्या आरतीला भेटलेल्या ओहायोतल्या टोलेडोच्या डॉक्टर पुरुषोत्तमना तिनंच गाडीबद्दल सांगितलं. डॉक्टर दातांचे, पण शौक इंजिनांचा. ते म्हणाले, आहे तशी घेतो, दसऱ्याला नेतो. देवदत्तनं त्यांनाही शब्द दिला.

आणि त्यानंतर शशिकांतराव आले. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत वर्कशॉपला काढलेला माणूस. जेट लॅगमुळे पहाटे उठून गराजमध्ये गेले, तासाभरात बाहेर आले आणि म्हणाले, "अर्थिंगची वायर तुम्ही रंगावरच आवळली ना बाप्पा! करंट जाईल कुठून?" त्यांनी तेवढा रंग पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट आवळला, किल्ली फिरवली. गाडी अशी काही गरजली की समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं. देवदत्तच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण आता काय उपयोग? शब्द तो शब्द.

अकराच्या ठोक्याला डॉक्टर पुरुषोत्तम आले. पिकअप, मागे ट्रेलर, अंगात खास या प्रसंगासाठी घेतलेलं चामडी जाकीट. त्यांनी गाडीकडे पाहिलं, झेंडूच्या माळेकडे पाहिलं आणि मग आतल्या माणसाकडे.

"हे कोण?"

"माझे सासरे. अडकलेत."

"ओह! निघतील ना? काय आहे, आमच्या मिसेसचं, लताचं, म्हणणं, सूर्य मावळायच्या आत चाक हललं पाहिजे. मुहूर्त चुकला तर ती गाडी दारात उभी करू देणार नाही."

"पाच मिनिटांत काढतो," देवदत्त म्हणाला, आणि प्रामाणिकपणे कामाला लागला. आपलीच गाडी आपल्या हातून जावी म्हणून कुणी इतकी धडपड केली नसेल. त्यानं आणि डॉक्टरांनी शशिकांतरावांच्या काखेत हात घालून वर ओढलं. शशिकांतराव "अग्गाई गं!" म्हणून असे ओरडले की दोघांनी त्यांना पुन्हा खाली सोडलं. मग खोबरेल तेल आणलं. त्यानं शशिकांतरावांचा सदरा तेवढा तुकतुकीत झाला.

"सीटच काढून टाकू," डॉक्टर म्हणाले.

"सीटचे बोल्ट सीटखाली आहेत," देवदत्त म्हणाला. "आणि सीटवर बाबा."

"मग काकांसकट ट्रेलरवर चढवू?"

"माझे वडील ओहायोला जाणार नाहीत," नेत्रा म्हणाली.

"नाइन वन वन करू या? फायर ब्रिगेडवाले..."

"करा ना," शशिकांतराव म्हणाले. "मोठी कात्री आणतात ते. पत्रा असा कापतात, पपई कापल्यासारखा."

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला. तोंडावर मात्र हसू आणलं आणि डाव्या सीटवर उतरून बसले. ते सडपातळ होते, सहज मावले. "चला काका, तुम्ही निघेपर्यंत मी जरा फील घेतो."

"घ्या. पण सांगून ठेवतो डॉक्टर," शशिकांतराव गंभीर झाले, "पाऊस आला तर डोक्यावर येतो."

"वा! हेच तर पाहिजे."

"सायलेन्सर बाहेरून आहे. उतरताना पोटरी भाजते."

"इंग्लिश गाडीची खूण आहे ती, काका!"

"भाजी आणायला गेलात तर भाजी मांडीवर घ्यावी लागते. बायको बसली असेल तर बायकोच्या मांडीवर. खड्डा आला तर तो थेट मणक्याला कळतो. आणि स्टीअरिंग उजवीकडं. गाडीत बसूनच कॉफी घ्यायच्या खिडकीशी गेलात तर खिडकी एकीकडं, तुम्ही दुसरीकडं."

प्रत्येक दोषागणिक डॉक्टरांचे डोळे जास्तच चमकत होते. "काका, पंधरा वर्षं मी लेदर सीटच्या गाडीत झोपत झोपत क्लिनिकला जातोय. काही म्हणजे काही कळत नाही हो, गाडी चाललीय की उभी आहे! मला हे सगळं पाहिजे."

शशिकांतरावांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "स्टीअरिंग काढून पाहा बरं. त्यानं जागा होईल."

स्टीअरिंगचा नट इंची निघाला. त्या मापाचा पाना देवदत्तकडे नव्हता. मग तो आणि डॉक्टर पाना आणायला निघाले. पहिल्या दुकानात मिळाला नाही, दुसरं रविवारचं बंद, तिसऱ्यात मिळाला. वाटेत देवदत्तला सारखं वाईट वाटत होतं. सत्तर वर्षांचा माणूस, सणाचा दिवस, आणि आपण त्याला एका खेळण्यात कोंबून आलो. गाडी जाणार याचं दुःख होतंच, पण आता त्याला ते करायलाही लाज वाटत होती.

दोन तासांनी ते परतले तेव्हा शशिकांतराव जागच्या जागी होते. मांडीवर रिकामं ताट होतं.

"मी इथेच जेवायला दिलं त्यांना," नेत्रा म्हणाली. "पुरी, बासुंदी."

"हाल झाले ना हो बाबा?" देवदत्तनं विचारलं.

"चालायचंच," शशिकांतराव ढेकर देत म्हणाले.

स्टीअरिंग निघालं, शशिकांतराव निघाले नाहीत. गाडी जॅकवर चढवली, उतरवली. डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितलं, पण तो उपाय दाताच्या खुर्चीतला होता. दर अर्ध्या तासानं लताचा फोन येई आणि डॉक्टर आकाशाकडे बघत बोलत. मधल्या वेळात ते पुन्हा शशिकांतरावांशेजारी जाऊन बसत. अर्थिंग म्हणजे काय, नट किती आवळायचा, घाटात ब्रेक गेलेली बस कशी थांबवली, असं बरंच काही त्यांना कळलं. चार वाजता त्यांनी जाकीट काढलं. पाच वाजता बाही वर करून बॉनेटखाली डोकं घातलं.

सूर्य समोरच्या घरामागे उतरला तेव्हा लताचा शेवटचा फोन आला. डॉक्टर "हो... हो... पाडवा, हो," म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले.

"पाडव्याला घेऊन जा," देवदत्त कसाबसा म्हणाला. "शब्द दिलाय मी."

"कशाला?" शशिकांतराव आतून म्हणाले. "डॉक्टर, तयार घेऊन काय कराल? त्या इंग्लंडवाल्याला पत्र टाका. अकरा पेट्या येतील. सातवीची मी व्यवस्था करतो. मी मार्चपर्यंत आहे, शनिवारी-रविवारी येत जाईन टोलेडोला."

डॉक्टरांनी आपल्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. "खरंच याल काका?"

"येईन ना. पण एक करा, ड्रायव्हरची बाजू डावी लिहा."

दहा मिनिटांत डॉक्टर पत्ता खिशात घालून, रिकामा ट्रेलर खडखडवत निघून गेले. जाताना चक्क शीळ वाजवत होते. देवदत्तनं त्यांना हात केला, गराजकडे वळला आणि जागीच थांबला. गाडी रिकामी होती. शशिकांतराव कोपऱ्यात उभे राहून चपला शोधत होते.

"बाबा! निघालात?"

"सैल झालं एकदम," ते नजर चुकवून म्हणाले. "हवा बदलली ना."

देवदत्तच्या डोक्यात सगळा दिवस भराभर उलटा फिरला. त्याला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, आणि त्यानं ती मारलीही, खोबरेल तेलासकट. पण मग त्याला प्रश्न पडला. नेत्राला काय सांगायचं? तिची अट, तिचा बर्फ, तिचे दोन हिवाळे. लपवण्यात अर्थ नव्हता. तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

नेत्रा ताटं पुसत होती.

"नेत्रा, एक सांगायचंय. बाबा... बाबा अडकले नव्हते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पाना आणायला गेलात, तुमची गाडी गल्लीबाहेर पडली आणि बाबा टुणकन उडी मारून घरात. हात धुतले, टेबलावर बसून जेवले, बाथरूमला जाऊन आले, सोफ्यावर तासभर घोरले." तिनं ताट रॅकमध्ये ठेवलं. "तुमची गाडी वळताना दिसली तेव्हा मीच हलवून उठवलं त्यांना. रिकामं ताट मांडीवर ठेवायची आयडियाही माझीच."

देवदत्त खुर्ची ओढून बसला. "पण तुला तर विकायची होती."

"होती ना." ती त्याच्यासमोर बसली. "पण त्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा मी जिन्यात उभी होते. तुझं तोंड बघितलं मी. लग्नात सुद्धा तू असा दिसला नव्हतास. मग डॉक्टरांना नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? मीच तर बोलावलेलं त्यांना. सकाळी बाबा अडकले, मला वाटलं, देव पावला."

देवदत्तनं पुढे वाकून तिचा हात धरला फक्त. तो ओला होता आणि त्याला बासुंदीचा वास येत होता.

"आणि बर्फाचं काय?" त्यानं विचारलं.

"काच तू खरवडायचीस. रोज. सकाळी सहाला. एप्रिलपर्यंत."

"रोज. शब्द देतो."

"शब्द नको," नेत्रा उठून कागद-पेन शोधू लागली. "तुझ्या शब्दाचं काय होतं ते आज दिवसभर बघितलंय मी. लिहून दे."